ब्रेकचं नाव घेतलं म्हणून

औषधांची पार्सलं घरोघरी पोचवणाऱ्या त्या कचेरीच्या मागच्या आवारात रोज सकाळी पावणेआठला बारा मोटरसायकली ओळीने उभ्या असत. त्यांतल्या अकरा गाड्यांच्या पोटाखाली एकेक छोटी पितळी घंटी लटकत असे. ही घंटी स्वतः विकत घेतलेली चालत नसे, ती कुणीतरी भेट दिलेलीच हवी. रस्त्यावरची पीडा घंटीत अडकते आणि वाटेत गळून पडते, अशी समजूत होती. शिवाय कुणाच्या सीटखाली जुनं नाणं, तर कुणाच्या हँडलला मुलाचा पहिला पायमोजा. हेल्मेट जमिनीवर टेकवायचं नाही आणि निघताना मागे वळून बघायचं नाही, हेही ठरलेलं.

इथवर कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. पण या सगळ्यांच्या वरचढ एक नियम होता. निघण्यापूर्वी गाडीच्या दुखण्याचं नाव घ्यायचं नाही! ब्रेक, टायर, चेन असे शब्द सकाळी तोंडातून गेले, की ते दुखणं भर रस्त्यात समोर उभं राहतं म्हणे. "गाडी कशी आहे?" असं कुणी विचारलं, तर उत्तर एकच, "खुशीत आहे." काय सांगायचं ते संध्याकाळी परतल्यावर सांगायचं. आणि संध्याकाळी प्रत्येकाला घरची ओढ. गाडी लावली की मंडळी पसार. मग सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

नियम पाळला जातो की नाही, यावर मामांची नजर असे. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. एकोणीस वर्षं याच कचेरीत गाडी चालवून ते सगळ्यांचे मामा झाले होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी घंटी भेट द्यायची, ती मामांनीच.

बाराव्या गाडीला मात्र त्यांनी घंटी दिली नव्हती.

ती गाडी तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या बाईंची. वडिलांच्या गॅरेजात लहानाची मोठी झालेली ही बाई. पहिल्याच दिवशी सकाळी ती ताडमाड उंचीच्या लंब्याच्या गाडीपाशी थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, मागचा ब्रेक फार खाली जातोय. बघून घ्या."

लंब्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या ताटात माती कालवली होती. तो तसाच निघाला. दुपारी सिग्नलपाशी त्याची गाडी समोरच्या टेम्पोवर आदळली आणि मनगट मोडलं.

महिन्याभराने तिने चष्म्याला सांगितलं, की टायर पार गुळगुळीत झालाय. चष्मा म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक भला गडी. तिसऱ्या दिवशी तो वळणावर घसरला आणि गुडघा फोडून घेतला. झालं! त्या दिवसापासून तिला समोर "ताई" आणि पाठीमागे "पनवती" असं नाव पडलं. ती पाण्याच्या पिंपाकडे आली की गप्पा थांबत. ती जवळून गेली की कुणी खिशातलं नाणं चाचपे, कुणी वाकून घंटी हलवून बघे. ती काही बोलली की शब्दांत काय दडलंय ते हुडकलं जाई, आणि गप्प राहिली तर गप्प का राहिली याची चर्चा होई.

मग गेल्या आठवड्यात पोपट पडला. सारखा बडबड करतो म्हणून पोपट. चालत्या गाडीची चेन तुटून मागच्या चाकात अडकली आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

"सकाळी ती त्याच्या गाडीकडे टक लावून बघत होती," चष्मा दबक्या आवाजात म्हणाला. "मी या डोळ्यांनी बघितलं."

"त्या डोळ्यांना काय दिसतं ते आम्हाला माहीत आहे," बुटक्याने टोमणा मारला, पण कुणी हसलं नाही.

"आता बोलायचीही गरज नाही तिला. नुसतं बघितलं तरी पुरतं," लंब्या म्हणाला.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी एक कागद घेतला आणि साहेबांच्या नावे अर्ज लिहिला, की या बाईंमुळे कामाच्या जागी भीतीचं वातावरण आहे, तरी त्यांना कायम करू नये. तिची तीन महिन्यांची मुदत शनिवारी संपत होती. पोपट दवाखान्यात होता, बाकी दहा जणांनी सह्या केल्या. शुक्रवारी सकाळी मामांनी तो अर्ज साहेबांच्या हाती द्यायचा, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी मामा हेल्मेटचा पट्टा बांधत होते. नवी बाई त्यांच्या गाडीजवळून पुढे गेली, परत मागे आली, पुन्हा पुढे गेली. मामा तिरप्या नजरेने पाहत होते. शेवटी ती थांबलीच.

"मामा, पुढच्या ब्रेकची केबल बघा. लिव्हरपाशी तारा तुटल्यात."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ते गुरकावले. "सकाळच्या प्रहरी हेच सुचतं का?"

ती निघून गेली. केबलकडे बघायचा मामांना धीर होईना. बघितलं म्हणजे तिचं म्हणणं मानल्यासारखं! त्यांनी घंटी तीनदा वाजवली आणि निघाले. दिवसभर गाडी बैलगाडीच्या चालीने हाकली. पुढच्या ब्रेकला हात म्हणून लावला नाही. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. एक आजोबा तर पायी पुढे गेले, आणि जाता जाता विचारते झाले, "ढकलू का?"

संध्याकाळी मामा घरी आले ते घामाघूम होऊन. त्यांची आई चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. आता घरी असली, तरी माणूस दारात येताच त्याची तब्येत ओळखायची सवय गेली नव्हती.

"तोंड का उतरलंय? बस. पाणी पी, मग सांग."

मामांनी सगळं सांगितलं आणि अर्जही दाखवला. आईने तो शांतपणे वाचला.

"म्हणजे ती बोलते आणि माणूस पडतो."

"तिघं पडले, आई. आता चौथा नंबर माझा."

"मी वॉर्डात सकाळी थर्मामीटर लावायची. ज्यांना लावायची त्यांतल्या कित्येकांना ताप निघायचा. मग ताप माझ्यामुळे यायचा का रे?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं, ते मला समजावून सांग. मी बसले आहे."

आईने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने चार चौकोन आखले.

"अगं, तो अर्ज आहे! उद्या द्यायचाय."

"कोरी बाजू कशाला वाया घालवायची? आता सांग. तिने टोकलं आणि पडले, असे कोण?"

"लंब्या आणि चष्मा. पोपटाला ती बोलली नव्हती, नुसती बघत होती."

"म्हणजे दोन. पोपट दुसऱ्या चौकोनात, टोकलं नाही तरी पडला. त्या चौकोनात आणखी कोण? ती यायच्या आधी कुणी पडतच नव्हतं का?"

मामा घुटमळले. "पडायचे की. गेल्या वर्षी दोघं."

"आणि दोन वर्षांपूर्वी तू. मोडलेला खांदा घेऊन महिनाभर याच खाटेवर होतास. तेव्हा घंटी नव्हती का गाडीला?"

"होती."

"मग लिही. आता तिसरा चौकोन. तिने टोकलं आणि पडले नाहीत?"

"असं कुणी नाही."

"आठव."

आईने घाई केली नाही. मुलाला हिशेब सुटेपर्यंत थांबायचं असतं, हे तिला पूर्वीपासून ठाऊक होतं. थोड्या वेळाने मामा हळूच म्हणाले, "बुटक्याला सांगितलं होतं, चाकाचा नट सैल आहे म्हणून. आणि कचेरीच्या वॉचमनला, त्याच्या गाडीच्या ब्रेकचं."

"ते का नाही पडले?"

"बुटक्या घाबरट आहे. कोपऱ्यावर जाऊन त्याने गुपचूप नट आवळून घेतला. वॉचमनने नवे ब्रेक टाकले."

"आणि लंब्याने?"

"त्याने कशाला बघितलंय!"

हे बोलल्यावर मामा स्वतःच थबकले. ज्यांनी ऐकलं ते चालते-फिरते होते. ज्यांनी ऐकलं नाही ते पडले होते. तिच्या बोलण्यात करणी असती, तर बुटक्या आणि वॉचमन त्यातून कसे सुटले असते?

चौथा चौकोन आईने मोकळाच ठेवला. "टोकलंही नाही आणि पडलेही नाहीत, असे रोज किती जण असतात, त्यांना कोण मोजतं?"

पण वाचकहो, माणसाच्या मनात एकदा संशय शिरला, की तो पुढच्या दाराने घालवला तरी मागच्या दाराने परत येतो. मामा खाली अंगणात गेले, दिव्याखाली गाडी घेतली आणि केबलवरचं रबर मागे सारलं. आतली तार म्हणजे सात बारीक तारांचा पीळ. त्यांतल्या पाच तुटल्या होत्या! दुसऱ्याच क्षणी मामांच्या मनात नवा विचार आला. ते धावत वर आले.

"आई, तिनेच कापली असणार. स्वतः कापायची आणि स्वतःच सांगायचं. गॅरेजवाल्याची मुलगी ती, तिला काय अवघड?"

आई भिंतीचा आधार घेत खाली उतरली. तिने आपला चष्मा पुसला आणि तारांच्या टोकांवर बोट ठेवलं.

"हे तांबूस काय आहे?"

"गंज."

"आज किंवा काल कापलेली तार चकाकते. या टोकांना गंज चढायला किती दिवस लागले असतील? एक तार आधी तुटली, मग दुसरी. तू रोज या लिव्हरवर बोटं ठेवतोस. तुला जड लागत नव्हती?"

मामांनी मान खाली घातली. "लागत होती. पंधरा दिवस झाले असतील."

"मग बोलला का नाहीस?"

नियम त्यांनीच तर शिकवला होता! मामा तिथेच पायरीवर बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी मामा गाडी हातात धरून चालत आवारात आले. मंडळी वाटच बघत होती.

"मामा, दिलात का अर्ज?" लंब्याने विचारलं. त्याच्या मनगटावर अजून पट्टी होती, म्हणून तो आतल्या कामाला होता.

मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या पुढच्या ब्रेकची केबल तुटायला आली आहे. पंधरा दिवस झाले. मला ठाऊक होतं."

चष्म्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मामा, सकाळी सकाळी काय बोलताय? तिने काही केलं का तुम्हाला?"

"तिने सांगितलं. तिने तेवढंच केलं." मामांनी खिशातून अर्ज काढला आणि त्याची मागची बाजू सगळ्यांपुढे धरून एकेक चौकोन समजावला. "बुटक्या, तू नट आवळलास की नाही? खरं सांग."

बुटक्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. "आवळला. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

लंब्या पट्टीवरून बोट फिरवत होता. "माझा ब्रेक आठवडाभर आधीपासून खाली जात होता," तो अखेर म्हणाला. "मला समजत होतं. ती बोलली, तेव्हा वाटलं, हिला कसं कळलं? म्हणून जास्तच राग आला."

नवी बाई पिंपापाशी उभी होती. मामा तिच्यासमोर गेले आणि अर्ज तिच्या हातात दिला. "हा मी लिहिला होता. तुम्हाला काढावं म्हणून. माझं चुकलं, ताई."

तिने अर्ज वाचला. सह्याही एकेक करून वाचल्या.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "अशा गोष्टी कळतात. मामा, मी काय पोरांना पाडायला बघत होते का? मला सैल चेनचा आवाज आला की झोप लागत नाही, असं माझं आहे." ती थांबली. पुढचं बोलताना तिचा आवाज बदलला. "पोपटाची चेन मला दिसली होती. एक कडी उघडली होती. मी उभी राहून बघत होते. सांगणार होते. पण चष्मेवाले दादा माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता बोलले तर पुन्हा पनवती. मी गप्प बसले. त्याचा पाय माझ्या न बोलण्याने मोडला."

चष्म्याने खाली पाहिलं.

"तुमच्या न बोलण्याने नाही, ताई," मामा म्हणाले. "आम्ही तुमचं तोंड बंद केलं, त्याने मोडला."

"काल तुमच्या गाडीजवळून मी दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदाही न बोलता गेले असते." तिने अर्जाची घडी घालून तो परत केला. "माझा राग एवढ्यात जाणार नाही, मामा. केबल बदलून घ्या आधी."

मामांनी केबल बदलली. साहेबांकडे ते गेले, पण तिला कायम करावं हे सांगायला. संध्याकाळी सगळे मिळून दवाखान्यात गेले आणि पोपटाला खरं काय ते सांगितलं. तो बिचारा, इतका बोलका माणूस, कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला.

सोमवारपासून त्या आवारात नवी रीत सुरू झाली. आठ वाजता पाच मिनिटं प्रत्येकाने आपल्या गाडीचं दुखणं मोठ्याने सांगायचं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याने शेजाऱ्याची गाडी तपासायची. पहिले काही दिवस चष्मा "टायर" हा शब्द कुजबुजत उच्चारायचा. हळूहळू तोही मोकळा झाला.

वाचकहो, घंटी वाजली म्हणून कुणी वाचत नाही आणि दुखण्याचं नाव घेतलं म्हणून कुणी पडत नाही. पण आपल्या घरात, कचेरीत, मोहल्ल्यात कुणीतरी असं असतंच, जे आधी बोलून दाखवतं. भिंतीला भेग गेली आहे, मूल गप्प गप्प आहे, म्हाताऱ्याच्या पायाला सूज आहे. नंतर वाईट घडलं, की आपण त्याच्याच माथी खापर फोडतो. अशा माणसाच्या तोंडाला अपशकुनी म्हणण्याआधी घटकाभर कागद-पेन घेऊन बसा. चार चौकोन आखा, आणि त्याने सांगितल्यावर आपण काय केलं होतं, ते पहिल्यांदा लिहा.