आयुधपूजेच्या दिवशीचा नमुना

हर्षिताला घाबरट म्हणणारे पुष्कळ, आणि त्यांत पहिला नंबर तिच्या आईचा. "मन चिंती ते वैरी न चिंती, असं तुझं," पद्मावतीबाई डब्यात चित्रान्न भरता भरता म्हणाल्या. "दसरा झाला, सुट्ट्या संपल्या. आता तरी जरा हसून ऑफिसला जा गं." हसून कशी जाणार? तिचं मॉड्यूल आज साऱ्या रक्तपेढ्यांच्या सर्व्हरांवर चढायचं होतं.

ते प्रकरण असं. बेळ्ळंदूरची तिची कंपनी शहरातल्या आणि भोवतालच्या रक्तपेढ्यांची सॉफ्टवेअरं सांभाळायची. रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज तापला की तिथल्या सर्व्हरनं बोंब ठोकायची, हे त्यातलं मुख्य काम. तापलेलं रक्त नासतं, आणि नासलेलं दर वेळी बाहेरून कळतंच असं नाही. तसली पिशवी कुणाला चढली तर माणूस हातचा जायचा. आजवर कंपनीतले जुने तंत्रज्ञ रघुनंदनअण्णा पेढीपेढीला फिरून प्रत्येक सर्व्हरवर सगळं हातानं बसवत. हातचं काम ते, इथं एक तर तिथं भलतंच. म्हणून हर्षितानं मॉड्यूल लिहिलं. सर्व्हरवर काय काय असावं ते एकदाच लिहून द्यायचं, ते सगळीकडे आपणहून तसंच बसवणार. वर मधूनमधून फेरी मारणार, आणि कुणी काही बदललेलं दिसलं की पुन्हा होतं तसं करून टाकणार. कारभारी असावा तर असा!

लिहून द्यायचं तर नमुना हवा. तिनं आनेकलच्या पेढीचा सर्व्हर निवडला. तो सगळ्यांत नीटनेटका होता हे खरं, पण आतलं कारण निराळं. गेल्या वर्षी तिचे वडील, अप्पा, स्कूटरवरून पडले ते आनेकलच्या रक्तावर वाचले. तेव्हापासून त्या पेढीवर तिचा जीव. आणि दिवस निवडला आयुधपूजेचा, म्हणजे दसऱ्याच्या आदला. त्या दिवशी यंत्रांना कुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात, दारात कोहळा फुटतो, पण सर्व्हरला कुणी बोट लावत नाही. आज काही चाळवाचाळव व्हायची नाही, असा विचार करून तिनं घरी बसूनच तिथली सगळी मांडणी मॉड्यूलमध्ये उतरवून घेतली. एवढी हुशार पोर, पण हुशारीलाही कधीकधी झापड येते.

आज सकाळी मॉड्यूल चढलं. पडद्यावर एकेक पेढी हिरवी होत गेली. "एकदम क्लीन!" तिचा मॅनेजर सूर्यकांत म्हणाला. तो पुण्याहून आलेला, गडी उत्साही. "पार्टी घेणार तुझ्याकडून."

जेवणाची वेळ होत आली तरी हर्षिताचा डबा उघडेना. काहीतरी चुकत होतं. बसवनगुडीच्या पेढीतल्या सुखदाताई फ्रीजचं दार उघडं टाकून गप्पा मारायच्या, त्यामुळे तिथला अलार्म जेवणाआधी एकदा तरी केकाटायचाच. आज तो गप्प होता. बाकीच्या पेढ्याही चिडीचूप.

"लोक अलार्म वाजला म्हणून रडतात, तू वाजला नाही म्हणून?" सूर्यकांत हसला. "टेन्शन नको घेऊ यार, सगळं ग्रीन आहे."

तिनं तरीही सुखदाताईंना फोन लावला. "ताई, फ्रीजचं दार जरा उघडं ठेवून बघता?"

"अगंबाई! रोज तूच ओरडतेस ना त्यावरून?" पण त्यांनी ठेवलं. दोघी वाट पाहत राहिल्या. अलार्म वाजला नाही.

गडबड असली तर नमुन्यातच, आणि नमुना आनेकलचा. रघुनंदनअण्णा शेजारीच कॉफी पीत होते. तिनं विचारलं, "अण्णा, आनेकलचा अलार्म तुम्ही कधी बंद केला होता का?"

"केला होता की, आयुधपूजेला. फ्रीजचं दार उघडून आत कुंकू लावायचं, आरती करायची. तेवढ्यात तो बोंबलायला लागला तर भटजी चिडतो. म्हणून पूजेपुरता झोपवला, आणि प्रसाद खाऊन लगेच उठवला." एवढं बोलून अण्णांनी पेला खाली ठेवला. "का गं?"

तिनं नमुना घेतला तो नेमका त्या पूजेच्या वेळी. शंभर ओळींत एक ओळ, अलार्म बंद. सगळे सर्व्हर नमुन्याबरहुकूम आहेत की नाहीत, एवढंच तिनं तपासलं होतं, आणि ते होतेच. नमुनाच झोपलेला होता त्याला कोण काय करणार! आज सकाळपासून तिचा तो गुणी कारभारी पेढीपेढीला फिरून अलार्म झोपवत होता.

तिनं ती ओळ बदलली. मॉड्यूल पुन्हा फिरलं. बसवनगुडी केकाटली आणि दार लागताच गप्प झाली. मग आनेकल वाजायला लागली, ती थांबेचना.

आनेकलच्या प्रेमाक्कांनी फोन उचलला, फ्रीजपाशी गेल्या, आणि ओरडल्याच. "अय्यो! पिशव्या कोमट लागताहेत गं. कंप्रेसर बंद पडलाय, कधीचा कुणास ठाऊक!"

"अक्का, आज यातली कुणाला दिली?"

प्रेमाक्कांनी वही चाळली. "एक दिली. मघाशीच. इथल्या नर्सिंग होममध्ये, बाळंतिणीला."

मग प्रेमाक्कांनी दुसऱ्या फोनवरून नर्सिंग होमला लावलं. त्यांचं घाईघाईचं कन्नड हर्षिताला अर्धंच ऐकू येत होतं. ती उभीच राहिली. अप्पांच्या दंडाला लावलेली ती लाल नळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. देवा, त्या बाईला काही होऊ देऊ नकोस, एवढंच ती मनात घोकत होती. सूर्यकांतही आता हसत नव्हता.

"हर्षिता," प्रेमाक्का म्हणाल्या. "लावली नाही. शीरच सापडत नव्हती म्हणे. टोचून टोचून हात सुजलाय, बाई नर्सला शिव्या घालतेय."

"घालू दे," हर्षिता म्हणाली आणि सगळ्यांदेखत रडली. रक्त बाहेर काढायला प्रेमाक्कांची पळापळ सुरू झाली. फ्रीजमधलं सारं टाकून द्यावं लागणार होतं, लोकांनी हौसेनं दिलेलं.

"चूक माझी गं. सांगायला हवं होतं मी," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा. तुम्ही उठवला होता. मी झोपवला."

त्यानंतर तिनं मॉड्यूलमध्ये एक भर घातली. आता रोज सकाळी प्रत्येक पेढीचा अलार्म मुद्दाम एकदा वाजतो. ज्या पेढीचा वाजणार नाही तिथे आधी फोन जातो, मग पडदा कितीही हिरवा असो. सुखदाताई वैतागतात, प्रेमाक्का तर तोंडावर शिव्या देतात. हर्षिता निमूट ऐकून घेते.

घरीही आता सकाळी ती मोबाइल पुढ्यात घेऊन बसते. पद्मावतीबाई तिला घाबरट म्हणत नाहीत. त्या तीन पेले भरून ठेवतात, आणि पेल्याला हात लावण्याआधी अप्पा विचारतात, "आनेकल वाजली का गं?"

आनेकल वाजते. मग घरात कॉफी प्यायली जाते.