भटूनानांचा हात

मार्गशीर्षातली दहिवराने ओलावलेली सकाळ, केळीच्या पानांतून गाळून येणारा तापीकाठचा कोवळा उजेड, आणि त्या उजेडात यंत्राच्या दांडीवर विसावलेला एक काळा, राठ, शिरा तटतटलेला हात. भटूनाना मला आठवतात ते असे. रनाळ्याचे नाना आमच्या गाडीवर तारेचं चक्र चालवत. वायूच्या शोधात खोल विहीर खणून झाली की पोलादी नळीसारखी उपकरणं तारेला बांधून आम्ही तळाशी सोडायचो आणि वर ओढताना दगडांच्या थरांचा आलेख कागदावर उतरवायचो. पाटीसारख्या काळ्या शेल दगडाच्या कोणत्या थरात वायू कोंडला आहे, ते त्या रेषा सांगत. रेषा वाचायची मी, शिकलेली इंजिनियर. नाना चौथी शिकलेले. पण तार मोकळी आहे की अडली, हे यंत्रावरच्या आकड्याआधी त्यांच्या तळव्याला कळे. आणि खरं सांगते, मला त्याचा राग यायचा.

त्या दिवशी शेलचा थर पाणी पिऊन फुगला आणि त्याने उपकरण घट्ट धरलं. नानांनी चक्र थांबवलं.

"ताई, आते नको ताणू. अडकेल शे. मन्हा हात सांगी ऱ्हायना. सबुरी धर, हळूहळू काढू."

पण वरून साहेबांचे फोनवर फोन, खोळंबलेली माणसं, आणि माझं शहाणपण तर नुसतं उतू चाललेलं!

"विहीर तुमच्या हाताला विचारून खणलेली नाही, नाना. ओढा!"

त्यांनी ओढलं. तार गुणगुणली, किंचाळली आणि एकाएकी सैल पडली. उपकरण तळाशीच राहिलं, थर जोखण्यासाठी त्याच्या पोटात बसवलेल्या किरणोत्सारी गोळीसकट. ती काही केल्या निघेना, तेव्हा नियमाप्रमाणे धोक्याच्या खुणेचं लाल सिमेंट ओतून विहीर कायमची बुजवली आणि इथे कोणी खोदू नये, अशी पाटी त्या शेतात रोवली.

चौकशीत मी म्हटलं, "नानांनी जास्त ओढलं." आलेखावर ताण उमटतो, हुकूम उमटत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाटलं, म्हातारा भांडेल, शिव्या घालेल. छे! त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि म्हणाले, "ताई सांगस तर खरं व्हई. मन्हाच हात चुकना व्हई."

त्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

चैत्रात मी खरं सांगायला म्हणून रनाळ्याला गेले. ओसरीवर सावली उतरली होती, कडुनिंबाचा मोहर झडत होता. सुटलेल्या गायीला बांधायला नानांच्या बायकोने, काकूंनी, हाक मारली, तर नाना दोर हातात धरून उभेच राहिले, आणि मग तो त्यांनी काकूंपुढे केला. "तूच बांध. मन्हा हातवर भरोसा नई."

मी तोंड उघडलं, आणि चहा प्यायले. चहा फार छान झाला होता. मी मेलीने दुसरा कपही मागून घेतला.

पुढच्या थंडीत नाना गेले. दगडाखालची ती गोळी म्हणे तीसेक वर्षांत निम्मी विझते, आणि पुढच्या तीस वर्षांत उरलेल्यातली निम्मी. काळ तिच्यावरही एवढी दया करतो. पण ज्याला सांगायचं तो माणूसच निघून गेला, की न सांगितलेलं एक वाक्य कणभरही झिजत नाही.