दाजींच्या ओव्या का वाढल्या

लासुर्ण्याच्या आमच्या गजीमंडळात मी ढोल वाजवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात रामहरी म्हटलं की लोकांना माझी मारकी म्हैस आठवते, ढोल आठवत नाही.

गजी म्हणजे आम्हा धनगरांचा नाच. पांढरे झगे, लाल फेटे, हातात रुमाल आणि सगळ्यांच्या पुढं म्होरक्या. म्होरक्यानं रुमाल उंच केला की चाल बदलायची, खाली झटकला की ढोल बंद. ढोल थांबला की म्होरक्या ओवी गातो आणि बाकीचे मागून शेवटची ओळ जशीच्या तशी म्हणतात. आमचा म्होरक्या म्हणजे माझ्या सारजाआक्काचा नवरा, गेणबादाजी. सत्तरी जवळ आली तरी दाजी रुमाल असा फिरवायचे की बघणाऱ्या बायका कडेवरच्या पोराला विसरायच्या.

पण गेल्या दोन वर्षांत दाजींच्या ओव्या वाढल्या. पूर्वी अख्ख्या खेळात दोन-तीन व्हायच्या. आता माझा ढोल जरा कुठं तापतोय तोवर रुमाल खाली! बिरोबाच्या जन्माची ओवी, लग्नाची ओवी, मेंढरं हरवल्याची, मेंढरं सापडल्याची. देवादिकांचा साठा संपला तेव्हा दाजींनी माळेगावच्या कारखान्याच्या भोंग्यावर ओवी रचली. एकदा तर जळोचीत जागेचे भाव कसे चढले ते गायले, आणि आम्ही निमूटपणे मागून म्हणालो. लोक उठून चहाला जायला लागले.

दाजींचा पुतण्या शंभूराज तिशीतला, अंगानं पैलवान आणि तोंडानं त्याहून. देवळात बैठक बसली तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तात्या, ही गजी हाय का रेडिओ? नाचायचं न्हाय तर रुमाल द्या हिकडं."

ठरलं असं, की येत्या बिरोबाच्या जत्रेत खेळ पूर्वीसारखा रंगला तर रुमाल दाजींकडं, नाहीतर तिथंच शंभूराजच्या हातात. मला शंभूराजच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्याच्या दंडाकडे बघून मी विचार बदलला.

त्यानंतर आठवड्यानं मी रानातून येत होतो. दाजी पुढं चालले होते. थोडं चालायचे आणि बांधावर थांबून शेजाऱ्याच्या रानाकडं टक लावून बघायचे.

"काय बघताय दाजी?"

"ऊस बघतुय. हुमणी लागलीया का काय."

"ह्यात ऊस न्हाय दाजी. तुटून कारखान्याला गेला की."

दाजी खाली बसले, पोटरी चोळली आणि विडी पेटवली. मग हळूच म्हणाले, "पोटरी आवळती रं. फास बसल्यावानी. थांबलं की सुटती, चाललं की परत धरती."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हंजी त्या ओव्या..."

"मग काय करू? नाचता नाचता मटकन बसू? ओवी गायली तर देवाचं नाव तरी होतंय."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना मोटारसायकलवर घालून बारामतीला नेलं. वाटेत दाजींचा एकच धोशा, हा वात आहे, तेलानं जाईल.

दवाखान्यात वैष्णवी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दाजींच्या मनगटावर पेनासारखं एक यंत्र टेकवलं, आणि खोलीत नाडीचा आवाज घुमला. ढब्ब, ढब्ब, ढब्ब. माझी बोटं आपोआप मांडीवर चालू झाली. मग यंत्र पावलावर ठेवलं. फुस्स. जरा थांबून, फुस्स.

दाजींचा चेहराच उतरला. आयुष्य ढोलावर काढलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. "बाई, ह्यो खालचा ढोलकरी उपाशी हाय का?"

"उपाशीच आहे, आबा. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. रक्त पोचतच नाही. विडी किती ओढता?"

"विडीचा धूर छातीत जातुय बाई. पायाचा काय संबंध?"

"छातीतून रक्तात उतरतो आणि रक्त अंगभर फिरतं. धुरानं रक्तवाहिन्या आखडतात, आतून खरबरीत होतात, थर साचत जातो, रक्ताच्या गाठी लवकर होतात. पाय आधी ओरडला हे नशीब समजा. हृदयालाही त्याच धुराचं रक्त जातं. ते ओरडलं तर इथपर्यंत यायला सवड मिळायची नाही."

"आन विडी चालू ठिवली तर?"

"पाय काढायची वेळ येऊ शकते."

दाजींनी पाऊल हातानं चाचपून बघितलं. मग विचारलं, "आन गजी?"

बाई म्हणाल्या, विडी बंद, गोळ्या रोज, आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. हळूहळू पल्ला वाढतो.

दाजी एकदम ताठ झाले. "ऐकलंस का रामहरी? म्हंजी मी करतुय तेच! नाच, ओवी, परत नाच!"

"हो, फक्त ओवीनंतर विडी नाही," बाई म्हणाल्या.

दाजींनी विडीचा कट्टा ओढ्यात टाकला. आम्ही धन्य झालो. पण महिनाभरानं आक्का माझ्याकडं तणतणत आली. तिची मिशरीची डबी रोज हलकी होत होती. आणि इकडं दाजींचे दात काळेभोर! जाब विचारला तर म्हणतात, डॉक्टरनं धूर बंद केला, मिशरीला धूर कुठं असतो?

मी तिथल्या तिथं बाईंना फोन लावला. तंबाखू जाळा, चघळा नाहीतर दाताला लावा, रक्तात उतरते ती उतरतेच, असं बाईंनी सुनावलं. फोनचा आवाज मी मोठाच ठेवला होता.

"ऐकलं का? चोरून मिशरी लावता, लाज कशी वाटत न्हाय?" आक्का कडाडली.

"मग तुझ्या रक्तात काय गुलाबपाणी हाय व्हय?" दाजी म्हणाले.

आक्कानं डबी चुलीत भिरकावली. पुढचे काही दिवस त्या घरात दोघंही असे भांडत होते की माझी म्हैस बरी.

पण दाजी चालत राहिले. कालव्याच्या कडेनं, दुखेपर्यंत, थांबून, पुन्हा. बांधावर थांबणं कमी होत गेलं.

जत्रेचा दिवस आला. देवळासमोर रिंगण धरलं, भंडारा उधळला, मी ढोलावर टिपरू टाकलं. दाजींचा रुमाल वर गेला. चाल बदलली, पुन्हा बदलली. चहाला निघालेले लोक परत फिरले. मी चोरून दाजींच्या पोटरीकडं बघत होतो, आणि पोटरी आपली नाचत होती.

तेवढ्यात शंभूराज नाचत नाचत पुढं सरकला. तोंड लालबुंद, छाती भात्यासारखी. "तात्या, एक ओवी घ्या की."

"आत्ताच? अजून रंग कुठं चढलाय?" दाजींनी रुमाल आणखी उंच केला.

एक फेरा झाला. "तात्या, पाया पडतो. ओवी!"

दाजींनी त्याच्याकडं वळून पाहिलं आणि रुमाल झटकला. ढोल थांबला. शंभूराज गुडघ्यांवर हात टेकून वाकला, दाजींची नजर त्याच्या झग्याच्या उघड्या गळ्यात गेली, आणि दाजींनी ओवी लावली. त्या ओवीत बिरोबा नव्हता. एका म्हाताऱ्याचा उपाशी पाय होता, विडी होती, चोरलेली मिशरी होती. शेवटी आलं ते असं, की पैलवानाच्या झग्याच्या आत, बनियनच्या खिशात सिगारेटचं पाकीट, बायकोला ठाऊक न्हाय.

आम्हाला शेवटची ओळ म्हणायची सवय. सगळं मंडळ एका सुरात म्हणालं, बायकोला ठाऊक न्हाय. शंभूराजची बायको समोरच बसली होती.

जत्रा खदाखदा हसली. शंभूराजनं पाकीट काढलं, पण मान वर करेना. दाजी त्याच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवला. आवाज एवढा हळू की फक्त त्याला आणि मलाच ऐकू आला.

"दोन वरसं मी ओव्यांत लपिवलं रं. पाय जायची पाळी आली हुती. तू लपवू नगंस. कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाय तात्या. दम पुरंना. लई दिसांपासनं." एवढा दांडगा गडी, पण डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बारामतीला निघालो. या वेळी मागं शंभूराज होता, आणि आक्कानं त्याचे सगळे खिसे उलटे करून बघितल्यावरच त्याला गाडीवर बसू दिलं.