पाय आणि जीभ एकाच पिशवीत

आमच्या हिने खालून "अहो, जेवायला या!" अशी हाक मारली की वरच्या वर्कशॉपमधली दुरुस्तीला आलेली शिलाई मशीन आपोआप दोन टाके घालून थांबायची. रस्त्यावरचे तीन-चार परके नवरेही दचकून घराकडे वळायचे. त्यातला एक तर हात धुऊन आमच्याच टेबलाशी येऊन बसला होता. मी वाढलं त्याला.

मग एका सकाळी दूध तापवताना तिला झटका आला. उजवा पाय लुळा पडला आणि आवाज गेला. घर इतकं गप्प झालं की मला भूकच कळेना. एकेचाळीस वर्षं माझी भूक हिच्या गळ्यात ठेवलेली! मी चार-चार वाजेपर्यंत मशिनींना तेल घालत बसायचो. थोरली लेक यायची, ताट झाकून जायची, आणि अन्नाचा पार दगड व्हायचा.

दवाखान्यातून सोडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता येऊन-जाऊन उपचार घ्या, पैसे सरकारी विमा भरेल. मी खूश. विम्याच्या खिडकीत जाड चष्म्याची बाई बसली होती.

"आजोबा, वर्षाला उपचाराची वीस सेशनं मिळतील."

"चालायची वीस आणि बोलायची वीस?"

"नाही. चालणं आणि बोलणं एकाच पिशवीत. दोन्ही मिळून वीस."

"आणि हात?"

"हाताची पिशवी वेगळी. त्याची पूर्ण वीस."

"अहो बाई, हिचा हात ठणठणीत आहे! सकाळीच मला चमचा फेकून मारला. ती वीस जिभेला द्या."

"नियमात बसत नाही."

हा नियम ज्याने केला तो बहुधा चालता चालताच बोलत असावा, आणि बसला की गप्प. असो. मी हिला न विचारता फॉर्मवर लिहून टाकलं : वीसच्या वीस, बोलण्यासाठी. मला एक हाक हवी होती. शिवी असती तरी चालली असती.

पण बाई पक्की. "पेशंटची पसंती लागते," म्हणाली आणि तिने शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या हिच्यापुढे दोन चित्रं ठेवली. एकावर तोंड, एकावर पाय. हिने पायावर बोट ठेवलं.

"तिला कळलं नाही," मी म्हणालो. "परत विचारा."

बाईने चित्रांची अदलाबदल केली. पुन्हा पाय.

"अगं, नीट बघ की!"

तिसऱ्यांदा तिने पायावर बोट दाबून धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की खिडकीची काच धुरकटली. मी मुकाट्याने फॉर्म खोडला.

मनात मात्र लागलं. वाटलं, इतकी वर्षं माझ्याशी बोलून कंटाळली असेल, आता चालत निघून जायचा बेत दिसतोय.

पायाची डॉक्टरीण उंच, शिट्टी न वाजवताही शिट्टीसारखी. कठड्याला धरून ही चालायची. मी लबाडी करायला गेलो.

"मॅडम, पावलं मोजायला लावा ना हिला. एक, दोन... मोठ्याने."

"काका, गप्प बसा! ते बोलण्यात धरलं तर एका दिवसात दोन सेशनं कापतील. वरून तपासणी येते."

त्यामुळे आम्ही तिघं तोंड मिटून वीस दिवस चाललो. हो, मीसुद्धा, सोबत म्हणून. माझे गुडघे इतके सुधारले की विम्याने मलाच बिल पाठवायला हवं होतं.

वीस संपली. विसाव्या सेशनच्या दुसऱ्या दिवशी मी वर एका जुन्या मशिनीचं शटल साफ करत होतो. एक वाजला असेल. जिन्यात काठीचा टक्क आवाज आला, मग पाय ओढल्याचा खर्रर्र. टक्क, खर्रर्र. पंधरा पायऱ्यांना पाऊण तास लागला. मी हलावं तर तिचा तोल जाईल, म्हणून स्टुलावरच गोठलो. ती दारात आली. घामाने डबडबलेली, पदर खांद्यावरून घसरलेला. तिने काठीने माझ्या स्टुलाला ठोकलं आणि खाली बोट दाखवलं.

"मला जेवायला बोलवायला आलीस होय गं?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे, एवढंही कळायला हवं होतं.

तेव्हापासून रोज येते. आता पाऊण तासाची दहा मिनिटं झालीत. पुढच्या वर्षी नवी वीस मिळतील, तेव्हा ती कोणत्या चित्रावर बोट ठेवते ते तिचं ती बघेल. जेवण गरम असतं, माझी तक्रार नाही.

फक्त एक सांगतो. टक्क-खर्रर्र दारापाशी थांबतं, तेव्हा मी लगेच मागे वळत नाही. हातातला स्क्रू फिरवत राहतो. ती दम घेत असते, मला ऐकू येतं. मी आणखी जरा थांबतो. न जाणो.