मनगटावरची प्लेट

आमच्या हॉटेलला मंगळवारी सुट्टी असते. रविवारी जग आराम करतं म्हणून आम्ही पळतो, आणि मंगळवारी आम्ही रिकामे असतो तेव्हा जग कामावर गेलेलं असतं. अशा एकट्या सुट्टीचं करायचं काय, हे आमच्यात ज्याने त्याने ठरवून टाकलंय. आमचा मोठा आचारी दुपारपर्यंत झोपतो आणि उठल्यावर बायकोने समोर ठेवलेलं मुकाट्याने खातो; मीठ कमी असलं तरी चकार शब्द काढत नाही. भांडी घासणारा बागेतल्या बाकावर दोन्ही तळवे उन्हात पसरून बसतो. सहा दिवस पाण्यात भिजलेली कातडी म्हणे एका दिवसात जरा माणसासारखी दिसते. काउंटरवाला सिनेमाला जातो आणि पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतो. वर सांगतो, "तिकीट मी खुर्चीचं काढतो, सिनेमाचं नाही."

मी वेटर आहे. अठरा वर्षं झाली. मंगळवारी मी दुसऱ्याच्या हॉटेलात जाऊन बसतो. कोणीतरी खुर्ची मागे ओढावी, पाणी ओतावं, "साहेब, आणखी काही?" असं विचारावं, एवढ्यासाठी. सहा दिवस मी जे शब्द वाटत फिरतो, त्यातले थोडे सातव्या दिवशी मला परत हवे असतात. बायको म्हणते, "तुम्ही जेवायला नाही जात, मान घ्यायला जाता." ती खरं बोलते, म्हणूनच मी चिडतो.

मागच्या महिन्यात माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नव्या नवरीला घेऊन चार दिवस आमच्याकडे राहायला आला. मेहुणा ऑफिसातला माणूस. गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातली नाही तर त्याला अंगात शर्ट नसल्यासारखं वाटत असावं. त्याच्या लग्नात त्याने चारचौघांत मला विचारलं होतं, "काय दाजी, अजून प्लेटाच उचलता का?" हसत विचारलं होतं, त्यामुळे रागावताही येईना. मी म्हणालो, "छे! आता सगळा फ्लोअर माझ्याकडे आहे. बाकीचे उचलतात, मी नुसता बघतो." साफ थाप होती ती. फ्लोअर माझ्याकडे असतो तो पुसायला. बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मूग गिळून गप्प बसली.

तर मंगळवारी दुपारी मी तिघांना घेऊन एका नव्या हॉटेलात गेलो. काचेचं दार, कपड्याचे रुमाल, टेबलांमध्ये ऐसपैस जागा. मी किचनचं दार दिसेल अशी खुर्ची धरली, ग्लास उजेडात धरून बघितला, काटा उलटा करून बघितला. मेहुणा त्याच्या बायकोला म्हणाला, "दाजींची नजर बघ. आपल्याला जन्मात सुचणार नाही हे." मी नुसता हसलो. खरं सांगायचं तर छाती दोन बोटं फुगली होती.

तेवढ्यात ऑर्डर घ्यायला वेटर आला. मी मान वर केली, तर समोर मास्तर.

मास्तर म्हणजे ज्यांनी मला हा धंदा शिकवला ते. मी कामाला लागलो तेव्हा मला ट्रे सरळ धरता येत नव्हता. उभं कसं राहायचं, टेबलावरचं भांडण ऐकून न ऐकल्यासारखं कसं करायचं, तीन प्लेटा एका हातावर कशा न्यायच्या, सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या लग्नाला ते आले नाहीत, कारण त्या दिवशी माझी टेबलं तेच सांभाळत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला, तेव्हा मालकांनी त्यांना एक घड्याळ दिलं आणि घरी बसवलं. मी म्हणालो होतो, "मास्तर, मी दर मंगळवारी येत जाईन." तीन वर्षांत दीडशे मंगळवार आले असतील. मी एकदाही गेलो नव्हतो.

त्यांनी मला ओळखलं. चेहरा उजळला, ओठ जरा हलले. मग त्यांची नजर मेहुण्याकडे गेली, त्याच्या बायकोकडे, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे, आणि ते थांबले. कारण त्यांचाच नियम होता: गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाबरोबर आलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवायची. कोण कुणाबरोबर, कशासाठी आलंय, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. म्हणून ते पेन धरून उभे राहिले, मी बोलायची वाट बघत.

मी बोललो असतो तर ते काय म्हणाले असते, ते मला पाठ होतं. "काय रे, किती टेबलं सांभाळतोस हल्ली?" आणि माझा फ्लोअर तिथेच धुऊन निघाला असता. मी मेनू उघडला आणि त्यात बघत विचारलं, "सूप कुठलं आहे आज?"

"टोमॅटोचं आहे, साहेब. मशरूमचंही आहे," मास्तर म्हणाले.

मला साहेब म्हणाले ते. आणि मी मशरूमचं सांगितलं.

सूप संपेपर्यंत मेहुणा त्याच्या ऑफिसच्या गोष्टी सांगत होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी मास्तरांचा हात बघत होतो. वाट्या ठेवताना त्यांनी डाव्या हाताला उजव्या हाताचा आधार दिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच येणार.

मग मासा आला. तीन प्लेटा, पांढऱ्या सॉसमधल्या, तिन्ही डाव्या हातावर. एक बोटांच्या चिमटीत, एक तळव्याच्या टेकूवर, एक मनगटाच्या वर. मनगटावरची शेवटी चढते आणि आधी उतरते. ती खाली उतरेपर्यंत बाकीच्या दोन हलवायच्या नाहीत, कारण तिघींचा तोल एकमेकींवर असतो. हे मी स्वतः नव्या माणसांना ओरडून ओरडून शिकवतो. मास्तर मेहुण्याच्या बायकोच्या खुर्चीशी आले. मनगटावरची प्लेट खुळखुळत होती. मला ते बघवेना. काही दया होती, काही असं होतं की हे लवकर उरकावं आणि त्यांनी टेबलापासून लांब जावं. आमच्याकडे गर्दीच्या वेळी आम्ही एकमेकांच्या हातातल्या प्लेटा पटापट उतरवतो. तो हात आपोआप पुढे गेला. मी उठलो आणि जवळ होती ती, बोटांतली प्लेट ओढली.

मनगटावरची प्लेट मेहुण्याच्या बायकोच्या मांडीत पडली. दुसरी जमिनीवर फुटली. बोटांतली माझ्या हातात राहिली, सॉसचा थेंबही न सांडता.

ती किंचाळली. मेहुणा उभाच राहिला. "अहो, डोळे आहेत की बटणं? नवा ड्रेस आहे तिचा! कोण आहे इथे वरचं? बोलवा!" सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. मॅनेजर धावत आला, तिशीतला, केसांना पाणी लावलेला. त्याने रुमाल दिले, माफी मागितली, आणि मग मास्तरांकडे न बघता मला म्हणाला, कारण टेबलावर मीच वडीलधारा दिसत होतो, "साहेब, हे महिन्याच्या बोलीवर आहेत. हाताची तक्रार आधीही आली होती. म्हटलं वयस्कर आहेत, संधी देऊ. तुम्ही समोर होतात, तुम्हीच सांगा. ह्यांच्या हातून झालं असेल तर मी आजच बघतो."

मास्तर वाकून काचा गोळा करत होते. ते थांबले. वर बघितलं नाही, फक्त थांबले.

मला एवढंच म्हणायचं होतं की प्लेट मी ओढली. पाच-सहा शब्द. पण मग मेहुण्याने विचारलं असतं, "तुम्ही कशाला ओढलीत, दाजी?" आणि वेटरचा हात वेटरसारखा का वागला, हे मला सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "त्यांचा हात थरथरत होता."

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर मला ते बोलता आलं.

मॅनेजरने मान डोलावली. मास्तर उठले, काचांची सुपली हातात घेऊन मेहुण्याच्या बायकोला म्हणाले, "माफ करा, बाई." मग माझ्याकडे वळून, "माफ करा, साहेब." आणि किचनच्या दारातून आत गेले. पुढचं जेवण दुसऱ्याच वेटरने वाढलं. मी ते सगळं खाल्लं, आणि वर मेहुण्याला म्हणालो, "वय झाल्यावर या लायनीत राहू नये." हे तर मला कोणी विचारलंही नव्हतं.

घरी येताना बायको हळूच म्हणाली, "ते म्हातारे तुमच्याकडे सारखे बघत होते. ओळखीचे आहेत का?" मास्तरांचं नाव ती माझ्या तोंडून रोज ऐकायची, पण तिने त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही."

पुढचे सहा दिवस कामावर माझी मलाच लाज वाटत राहिली. मनगटावरून प्लेट उतरवली की काचा गोळा करणारा तो थांबलेला हात दिसायचा. शनिवारी एका गिऱ्हाइकाने मी आणलेलं सूप गार म्हणून परत पाठवलं आणि मला बरं वाटलं. निदान कोणीतरी माझ्यावर ओरडलं.

मंगळवारी सकाळी मी आधी त्या हॉटेलात गेलो. मॅनेजर हिशेबाला बसायच्या तयारीत होता. त्याने मला लगेच ओळखलं. "या साहेब. त्यांना त्याच दिवशी जायला सांगितलं हो. महिना भरायला चारच दिवस होते, पक्के झाले असते. तुमच्यासारखं कोणी स्पष्ट बोललं म्हणून वेळेवर कळलं." त्याने माझे आभार मानले.

मी सांगितलं. प्लेट मी ओढली, तोल त्यामुळे गेला, मी स्वतः वेटर आहे, मला कळायला हवं होतं. तो ऐकत राहिला आणि मग हसला. "तुमचं मन मोठं आहे, साहेब. पण जागा भरली आता." मी वेटर असल्याचं त्याला खरंच वाटलं नाही. एरवी मी खूश झालो असतो.

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार सुनेने उघडलं. मी कोण ते सांगताच ती दारातून बाजूलाच झाली. "तुम्ही होय! या या, बसा. बाबा तुमच्याबद्दल किती बोलतात. परवाच सांगत होते, तुम्ही घरच्यांना घेऊन त्यांच्या हॉटेलात आला होतात म्हणून. म्हणाले, काय रुबाबात बसला होता, ग्लास कसा पारखून घेतला, मला बघून बरं वाटलं." तिने माझ्यापुढे बिस्किटांची बशी ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नोकरीचं कळलंच असेल तुम्हाला. हे तिकडे लांब कामाला, त्यांचं तिथेच भागत नाही. बाबांच्या पगाराचा आधार होता. पण बाबा म्हणतात, माझ्या हातून पडलं, गिऱ्हाइकाचा काय दोष."

मी बशीकडे बघत बसलो.

आतून कपबश्या वाजल्या. मास्तर चहा घेऊन आले. ट्रे नव्हता. तिन्ही कपबश्या डाव्या हातावर, एक बोटांत, एक तळव्यावर, एक मनगटावर. हात थरथरत होता, कप बशीत किणकिणत होते, पण चहा कपातच होता. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी हात मांडीवरच दाबून धरले.

"घे की," मास्तर म्हणाले. "मनगटावरची आधी."

सून हसली. "बाबा, पाहुण्यांनाही धडे!"

मी मनगटावरची कपबशी उचलली आणि खाली ठेवली. बाकीच्या दोन त्यांनी स्वतः उतरवल्या, एक सुनेला, एक स्वतःसाठी. मग खुर्चीवर बसून त्यांनी हात चोळला. सून अजून हसतच होती. आता गप्प बसलो असतो तर चहा पिऊन, बिस्कीट खाऊन, मान घेऊन परत आलो असतो. मंगळवार छान गेला असता.

"त्या दिवशी प्लेट मी ओढली होती," मी म्हणालो. "बोटांतली. आणि मॅनेजरला हात थरथरत होता असं मीच सांगितलं."

सुनेचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, नुसतं ओठांचं.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "बघितलं मी."

"मग त्याच्यासमोर बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक होतास तू," ते म्हणाले. रागाने नाही. मला पहिल्या वर्षी चूक दाखवायचे तसंच, सरळ.

मी पुढे काहीतरी बोललो. आमच्या मालकांना विचारतो म्हणालो, दुसरीकडे बघतो म्हणालो. मास्तर मान हलवत होते, ऐकून न ऐकल्यासारखं. सून उठली. मला वाटलं, आता ही समोरची बशी उचलणार, दार उघडणार. तिने बशीतली बिस्किटं नीट लावली, बशी माझ्याकडे आणखी थोडी सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"घ्या ना. तुम्ही काहीच घेतलं नाही."