एवारिस्तोची शीळ

शीळ ही देवाची देणगी, असं आमचा एवारिस्तो म्हणायचा. माणसाने फक्त ओठ पुढे करायचे. त्या काळी रोममध्ये घोडेस्वारांच्या सिनेमांचा सुकाळ होता, आणि जवळजवळ प्रत्येक घोडेस्वारामागे एवारिस्तोची शीळ असायची. मी त्याच्या शेजारी उभा राहून डबल बास वाजवायचो.

त्या दुपारी तो नवी कवळी बसवून ध्वनिमुद्रणाला आला. पडद्यावर नायक भावाच्या कबरीपाशी थांबला, वाद्यवृंद चालवणाऱ्या मायेस्त्रो बेल्लूचींनी हात उचलला, आणि शिळेऐवजी नुसती हवा फुसफुसली.

"पुन्हा," मायेस्त्रो म्हणाले.

पुन्हा तेच.

"अजून एकदा. नाही जमलं, तर बासरीला देतो."

एवारिस्तो पांढराफटक पडला. बासरीने एकदा ही जागा घेतली, की पुढच्या सिनेमाला त्याला कोण बोलावणार?

पुन्हा सुरू झालं. शीळ येणार, तेवढ्यात हार्पवाल्या क्लोतिल्देची भलतीच तार वाजली. जिचा हात उभ्या जन्मात चुकला नव्हता, तिची!

"माझंच चुकलं, मायेस्त्रो."

"म्हातारी झालीस गं!" ट्रॉम्बोनवाला ओरडला.

"तू गप रे. तुझ्या नळीत मॅकरोनी अडकलीय, ती काढ आधी."

हशा पिकला. आमच्यात रीतच होती: कुणी अडला, की दुसऱ्याने चूक अंगावर घ्यायची. तेवढीच त्याला उसंत. मायेस्त्रोंना हे ठाऊक नव्हतं थोडंच? ते चष्मा पुसत बसले.

एवारिस्तोने पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात गुंडाळली, खिशात टाकली आणि हळूच शीळ घालून पाहिली. आली! पण वरचे सूर काही लागेनात.

"जरा खाली घ्याल?" बोळक्या तोंडाने तो म्हणाला.

मायेस्त्रोंनी आमच्याकडे पाहिलं. "दोन सूर खालून. कागद तेच."

कुणी पेन्सिलीला हातसुद्धा लावला नाही. समोर एक लिहिलेलं, आणि अख्खा वाद्यवृंद दुसऱ्याच पट्टीत वाजवतोय! त्यावर ती शीळ आली. जाडसर, थोडी ओली, जगात एकट्या उरलेल्या माणसाची. माझा गज चालला तो देवाच्या भरवशावर.

संपलं. मायेस्त्रोंनी पान उलटलं.

"बासरीवाल्याला घरी जाऊ दे," ते म्हणाले. "एवारिस्तो, आता पिस्तुलांचा सामना. दात खिशातच राहू देत."