मनाचं बोलणारा राजपुत्र

आमच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं चित्रण भर दुपारी होतं. मागे रात्रीच्या शहराचा भलामोठा फोटो, पुढे सोफा आणि समोर जेवून सुस्तावलेले प्रेक्षक. जुना सूत्रसंचालक निवृत्त झाला, तेव्हा वाहिनीच्या प्रमुखांनी एक देखणा पोरगा आणला. आम्ही लेखकमंडळी त्याला आपापसात राजपुत्र म्हणायचो.

"म्हातारे बघतात म्हणून गुडघेदुखीच्या जाहिराती येतात," प्रमुख म्हणाले. "मला तरुण पोरं हवीत. हा मनाचं बोलतो. याला कुणी लिहून देत नाही."

लिहून देणार होते मी. ते बाहेर फुटायला नको म्हणून मला कागदोपत्री पाहुण्यांच्या विभागात टाकलं आणि घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही, अशा कागदावर सही घेतली. वर दम दिला: तरुण आले नाहीत, तर आधी जुन्या खोडांना नारळ. जुनं खोड म्हणजे मीच. घरात कमावणारी मी एकटी. या वयात मला दुसरीकडे कोण विचारतंय?

पहिले भाग सपशेल आपटले. मी प्रेमभंगावर लिहिलं, परीक्षांवर लिहिलं, राजपुत्राने ते पोपटासारखं म्हणून टाकलं. कॉलेजात जाणारी माझी लेक जेवताना मोबाइलवर त्यातला एक तुकडा बघून म्हणाली, "आई, हा एखाद्या काकूसारखा बोलतो गं."

त्याच जेवणात आमचं वाजलं. "मेसेज पाठवतेस आणि मिळाला का विचारायला लगेच फोन करतेस!" ती ओरडली. "दाराबाहेर उभी राहतेस आणि वर सांगतेस, मी काही ऐकत नाहीये!" ताट तसंच टाकून ती खोलीत गेली. मी थोडं रडले. मग सवय ती सवय, सगळं जसंच्या तसं उतरवून काढलं.

दुसऱ्या दिवशी राजपुत्र म्हणाला, "माझी आई मेसेज पाठवते..." आणि सुस्तावलेल्या प्रेक्षकांत जान आली. तो तुकडा कॉलेजाकॉलेजांत फिरला. मग काय, रोज "माझी आई" सुरू झाली. माल संपला की मी मुद्दाम लेकीच्या खोलीत नाक खुपसायचे, तिच्या मैत्रिणींची चौकशी करायचे, ती चिडेपर्यंत हटायचे नाही. तरुण प्रेक्षक वाढत गेले. प्रमुख मला बघून चक्क हसू लागले.

लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, पण त्याचा एकही भाग चुकवायची नाही. "याची आई अगदी तुझ्यासारखी आहे. कसं सहन करतो बिचारा! मला भेटव ना त्याला."

मी तिला चित्रणाला नेलं. कार्यक्रम रंगला. नंतर स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या आईबद्दल अजून सांगा ना." राजपुत्र माझ्याकडे बघायला लागला. पॅसेजसाठी मी काही लिहिलं नव्हतं. "आई... बरी आहे," एवढंच तो बोलला.

घरी परतताना लेक हिरमुसली होती. "याला कुणीतरी लिहून देतं. माझ्याच वयाची असणार कुणीतरी, आईला कंटाळलेली."

"असेल," मी म्हणाले. जिभेवर आलेलं गिळताना फार जड गेलं.

"तिला म्हणावं, हॉस्टेलला राहायला जा. मला खोली मिळालीय, आई. पुढच्या आठवड्यात जातेय."

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की यावर एक अख्खा भाग होईल. मग भानावर आले. मला तिला थांबवायचं होतं, सगळं सांगून टाकायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "पोचलीस की मेसेज कर."

"आणि तू लगेच फोन करणार, मेसेज मिळाला म्हणून सांगायला."

ती गेली त्या दुपारी ते वाक्य मी राजपुत्राला दिलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, प्रमुखांनी माझी पाठ थोपटली. संध्याकाळी मी घरी पुढचा भाग लिहायला बसले. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं.